रंगाचा हिशेब: भिंतीचा आणि पडद्याचा

घर रंगवायचं ठरलं की घरात चर्चा होते ती शेड कार्डावर. हॉलला मोतिया घ्यायचा की फिकट पिस्ता, मुलांच्या खोलीत एक भिंत गडद ठेवायची का, पडदे त्याला साजेसे रंगवून घ्यायचे का. पण बिलाचा मोठा भाग यातल्या कशानेच ठरत नाही. खर्च ठरतो भिंतीची आजची अवस्था आणि काम करणाऱ्या माणसाचे दिवस यांवर. कापडाचंही तसंच आहे. रंगाची बाटली तीस-चाळीस रुपयांची. खळ काढणं, आखणी, रंगवणं, वाळवणं आणि इस्त्री यांचे तास मात्र मोजावे लागतात. म्हणून भाव विचारताना ‘रंग कोणता’ याआधी ‘खालची तयारी किती’ हे विचारा. पुढचे आकडे पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांतल्या मध्यम दर्जाच्या कामाचे ढोबळ आकडे समजावेत. गावागणिक आणि हंगामागणिक ते खालीवर होतात. दिवाळीआधीच्या महिनाभरात रंगारी मिळणंच अवघड असतं आणि भावही चढा असतो. तेच काम डिसेंबर ते मार्चमध्ये काढलं तर घासाघीस न करता चांगला माणूस मिळतो, भिंतही पावसाळ्यानंतर पुरती सुकलेली असते.

आधी माप स्वतः घ्या

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची एक खोली धरू. चार भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दरवाजा २१ आणि खिडकी २० चौरस फूट वजा केली की साधारण ४०० उरतात. त्यात छताचे १२० मिळवले की रंगवायचं क्षेत्र ५२० चौरस फूट. सगळ्या घराचा झटपट अंदाज हवा असेल तर चटई क्षेत्राला तीन ते साडेतीनने गुणा. पाचशे चौरस फुटांच्या घरात दीड हजार ते साडेसतराशे चौरस फूट रंगकाम निघतं. कोणी याच्या फार पलीकडचा आकडा सांगितला तर त्याच्यासोबत टेप धरून उभं राहा. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, हेही तेव्हाच ठरवा. पुष्कळ ठेकेदार त्या वजा करत नाहीत, कारण त्यांच्या कडा सांभाळायला वेळ जातो. ते म्हणणं रास्त आहे, पण ते आधी बोलायला हवं.

आता या खोलीचा खर्च मांडू. भिंती बऱ्या आहेत, जुना रंग घट्ट बसलेला आहे, थोड्या भेगा आणि खिळ्यांची भोकं आहेत, असं समजा. भोकं बुजवायला दहा किलो पुट्टी तीनशे रुपये. प्रायमरचा एक हात, लिटरला ११० चौरस फूट धरले तर पाच लिटर, सुमारे साडेसातशे. मधल्या प्रतीच्या इमल्शनचे दोन हात मारायला लिटरला साठ चौरस फूट धरून नऊ लिटर लागतात. साडेतीनशेच्या भावाने त्याचे ३,१५० रुपये होतात. पॉलिश पेपर, टेप, झाकायचं प्लास्टिक अडीचशे. मजुरी चौरस फुटाला नऊ रुपयांनी ४,६८०. एकूण ९,१३० रुपये, म्हणजे चौरस फुटाला साडेसतराच्या आसपास. यात रंगाचा वाटा जेमतेम एक तृतीयांश आहे, निम्म्याहून जास्त पैसे मजुरीचे आहेत.

रंग स्वस्तातला, २२० रुपये लिटरचा घेतला तर या खोलीत अकराशे-बाराशे रुपये वाचतील. सहाशेचा उंची, धुता येणारा घेतला तर सव्वादोन हजार वाढतील. पण सगळ्या भिंतींना नव्याने पुट्टीचे दोन थर द्यायचे ठरले तर चाळीस किलोची एक गोणी नऊशे-साडेनऊशेची आणि घासण्यासकट मजुरी चौरस फुटाला आणखी दहा रुपये, असे सहा हजारांच्या वर जातात. तीच खोली पंधरा हजारांना पडते. म्हणून ‘फुल पुट्टी मारून टाकू, भिंत आरशासारखी होईल’ असं कोणी म्हणालं की थांबा. भिंतीवर तिरपा टॉर्च मारून पाहा. लहरी, खड्डे, पोपडे दिसले तर पुट्टी हवीच. सपाट दिसत असेल तर डागडुजी पुरते. वाचलेल्या पैशांत चांगला रंग घ्या, तो दोन-तीन वर्षं जास्त टिकेल.

गडद रंगाचा एक छुपा खर्च असतो. दुकानात मशिनवर रंग बनवून देतात तेव्हा गडद छटेत रंगद्रव्य जास्त पडतं, त्यामुळे त्याच कंपनीच्या त्याच प्रतीचा गडद रंग लिटरला महाग पडतो. शिवाय लाल, पिवळा, नारिंगी अशा छटा झाकायला दोन हात पुरत नाहीत, तिसरा लागतो. भाव विचारताना छटेचा क्रमांक घेऊन विचारा.

सामान स्वतः आणायचं की ठेकेदाराकडे सगळं सोपवायचं? मी सामान स्वतः आणण्याच्या बाजूची आहे. अनेक कंपन्यांच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन किंवा क्यूआर कोडचं कूपन असतं. अमुकच कंपनीचा रंग घ्या, हा सल्ला कधीकधी त्या कूपनातून येतो. तुम्ही डबे आणा आणि त्यातलं कूपन रंगाऱ्यालाच द्या. ते त्याच्या हक्काचं आहे. वीस लिटरचा डबा लिटरमागे स्वस्त पडतो, पण एका खोलीला तो घेऊ नका. उरलेला अर्धा डबा पुढच्या दिवाळीपर्यंत घट्ट होतो.

ओल असेल तर रंगाला हात लावू नका

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे, पांढरा भुरा लोणा, बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर तपकिरी डाग, गच्चीखालच्या छताला फुगे: यांपैकी काहीही दिसलं तर आतून कोणताही महागडा ‘ओलरोधक’ रंग मारून उपयोग नाही. पाणी ज्या बाजूने येतं तिथेच ते अडवायला हवं. पाइपचा सांधा, टाइल्सच्या फटी, गच्चीचा उतार, बाहेरच्या गिलाव्याची भेग. ते झाल्यावर भिंत सुकायला आठवडे द्यावे लागतात. सुकली की नाही हे पाहायला दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि चोवीस तासांनी काढा. आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल अजून भिंतीतच आहे. या चाचणीला दहा रुपयेही लागत नाहीत. नव्या सिमेंटच्या गिलाव्यालाही किमान २८ दिवस द्या. तोवर त्यातला क्षार रंगाला खातो.

कोकणातल्या चिऱ्याच्या घरांसाठी आणि देशावरच्या जुन्या वाड्यांसाठी हिशेब वेगळा आहे. या भिंतींचा गिलावा चुन्याचा किंवा मातीचा असतो. त्या जमिनीतली ओल ओढतात आणि पृष्ठभागातून सोडतात. त्यांच्यावर सिमेंटची पुट्टी आणि वर प्लास्टिकसारखा थर बनवणारं इमल्शन बसवलं की ओल आतच कोंडते आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलाव्यासकट पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला चुनाच चांगला. चुनकळी पाण्यात विरवायची, गाळून घ्यायची, डिंक किंवा सरस घालायचा, पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगडी होतो, तरी त्याची छिद्रं उघडी राहतात. मजुरीसकट चौरस फुटाला पाच-सात रुपयांत तीन हात होतात. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा काढावा लागतो, आणि कपड्याला लागतो, हे खरं. तरी जुन्या घराच्या मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: चकचकीत भिंतीच्या हौसेपायी शंभर वर्षं टिकलेला गिलावा गमावू नका. चुना विरवताना पाणी उकळतं, तेव्हा डोळ्यांना चष्मा लावा आणि मुलांना लांब ठेवा.

जुन्या दारा-खिडक्यांबद्दल एक धोक्याची सूचना. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात ते कितीतरी जास्त असू शकतं. असे थर कोरडे घासले की शिशाची धूळ घरभर बसते. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम पाणी मारून, ओलं घासूनच करून घ्या. त्या दोन दिवसांत त्यांना दुसरीकडे ठेवा. रंगाऱ्यालाही मास्क द्या. तो हे काम रोज करतो.

जिना, ग्रिल, गॅलरी

दाराला लांबी भरून तैलरंगाचे दोन हात मारायला चौरस फुटाला पंचवीस ते चाळीस रुपये पडतात. ग्रिलचं माप हा वादाचा मुद्दा असतो. एका बाजूने मोजायची की दोन्ही, हे भावासोबतच लिहून घ्या, नाहीतर बिल दुप्पट होतं. गंज नीट खरवडून रेड ऑक्साइडचा हात दिला नाही तर वरचा रंग सहा महिन्यांत फुगतो. समुद्राजवळच्या गावांत तर त्याहून आधी.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की जिना, पॅसेज आणि इमारतीच्या बाहेरच्या भिंती ही सोसायटीची जबाबदारी आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी ०.२५ टक्के वर्गणीची तरतूद आहे. ही वर्गणी वर्षानुवर्षं घेतली नाही की बाहेरचा रंग काढताना प्रत्येकाच्या गळ्यात एकदम मोठी रक्कम पडते. बाहेरच्या कामाच्या निविदेत परांची, दोर आणि सुरक्षा पट्ट्यांचा खर्च वेगळा मागा. सर्वांत कमी भावाच्या निविदेत तोच गायब असतो. दोन दोरांवरच्या फळीवर पट्ट्याशिवाय माणूस उभा राहिलेला दिसला तर काम थांबवा. त्याच्या जिवाच्या बदल्यात वाचलेले पैसे कोणत्याही सोसायटीला नकोत.

आता पडदे

त्याच खोलीच्या खिडकीला आणि दाराला हाताने रंगवलेले पडदे करू. कापड सुती हवं. कॅसमेंट सगळ्यात सोयीचं, जाडसर आणि अठ्ठेचाळीस इंच पन्ह्याचं. मांजरपाट त्याहून स्वस्त आणि खडबडीत. पॉलिएस्टरवर रंग नीट धरत नाही. पाच फूट रुंद खिडकीला दोन पाट म्हणजे साडेतीन मीटर, दाराला दोन पाट म्हणजे पाच मीटर. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणून साडेआठऐवजी नऊ मीटर घ्या. १३० रुपये मीटरने ११७० रुपये. शिलाई पाटाला दीडशे, चार पाटांचे सहाशे. काठाची नक्षी आणि मध्ये सुटी फुलं एवढ्या कामाला रंग सहाशेचे, ब्रश आणि स्टेन्सिलचा कागद तीनशेचा. स्वतः रंगवले तर एकूण २,६७० रुपये. एखाद्या कलाकाराकडून रंगवून घेतले तर पाटाला पाचशे ते बाराशे मजुरी, म्हणजे वर आणखी दोन हजार ते चार हजार आठशे. तयार पॉलिएस्टरचे पडदे यापेक्षा स्वस्तात मिळतात. पैसे वाचवायला कापड रंगवू नका. आपल्या खिडकीसाठी आपल्याला हवं ते हवं असेल तरच रंगवा, आणि मग ते मनापासून करा.

इथेही टिकाऊपणा ठरतो तयारीवर. नव्या कापडाला गिरणीची खळ असते. ती कोमट पाण्यात साबणाने धुऊन काढली नाही तर रंग खळीवर बसतो आणि दोन धुण्यांत निघतो. धुवा, वाळवा, इस्त्री करा, मगच पेन्सिल टेकवा. कापड कापून शिवायच्या आधीच धुवायचं, म्हणजे आटायचं ते तेव्हाच आटतं. रंग पातळ करायला पाण्याऐवजी फॅब्रिकचं मीडियम वापरा. पाण्याने तो धाग्यांतून पसरतो. रंगवून पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने कोरडी गरम इस्त्री फिरवली की रंग पक्का होतो. त्यानंतरही तीन दिवस पाणी लावू नका. पुढे थंड पाण्यात, हाताने, उलटं करून धुवायचं आणि सावलीत वाळवायचं.

ही शिस्त जुनीच आहे. आंध्रातल्या श्रीकालहस्तीची कलमकारी पाहा. तिथे कलमाने रेघ ओढण्याआधी कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही, हिरड्यामुळे काळी रेघ पकडते, लाल रंगासाठी तुरटी लागते. मग धुणं, उकळणं, पुन्हा रंगवणं. रंग भरण्याइतकाच वेळ कापड तयार करण्यात जातो, आणि हाताने काढलेली साडी हजारोंच्या घरात जाते ती त्यामुळे. बाजारात दीडशे-दोनशे रुपये मीटरने ‘कलमकारी’ म्हणून मिळतं ते ठशाचं किंवा स्क्रीनचं छापील कापड असतं. पडद्याला, अभ्र्याला ते उत्तम आहे; फक्त हाताच्या कामाचा भाव त्याला देऊ नका. मच्छलीपट्टणमची परंपराच ठशांची आहे, त्यात फसवणूक काही नाही. ओळखायचं कसं? एकाच नक्षीचे दोन मोर शेजारी धरा. डोळा, चोच, रेघेची जाडी तंतोतंत सारखी असेल तर ते छापील.

चार-सहा पाटांवर एकच नक्षी हवी असेल तर हाताने काढत बसण्यापेक्षा जाड प्लास्टिकच्या कागदातून कापलेलं स्टेन्सिल वापरा. तेच भिंतीच्या पट्ट्यालाही चालतं, म्हणजे पडदा आणि भिंत एकमेकांशी बोलतात. रंग मात्र अदलाबदल करू नका. भिंतीचं इमल्शन कापडावर मारलं की ते ताठ होतं आणि घडीवर तडकतं. उलट कापडाचा रंग भिंतीवर चालतो, पण पंधरा मिलिलीटरची बाटली पस्तीस रुपयांना म्हणजे लिटरला तेवीसशे रुपये पडतात. भिंतीवरच्या नक्षीसाठी पांढरं इमल्शन एक लिटर आणि स्टेनरच्या दोन-तीन लहान बाटल्या घ्या, तीन-चारशे रुपयांत चार छटा तयार होतात.

भिंतीवर चित्र हवं असेल तर

शहरात हौशी किंवा कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून साधं भित्तिचित्र चौरस फुटाला शंभर-दीडशेपासून होतं. बारीक कामाचं पाचशेच्या वर जातं. सर्वाधिक मागणी वारलीला असते. मूळ वारली चित्र शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, गेरूच्या पार्श्वभूमीवर, तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढलं जातं. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. डहाणू परिसरातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकापासून ही कला कागद-कापडावर आणून जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज पालघर जिल्ह्यात या कलेवर घर चालवणारे अनेक चित्रकार आहेत. आपल्या दिवाणखान्यात वारली हवी असेल तर त्यांच्यापैकी कोणाला तरी बोलवा, एवढी माझी मनापासूनची विनंती आहे. प्रवास, राहणं, जेवण आणि दिवसाची मजुरी वेगळी धरा, आणि चित्रात काय असावं हे त्यांना ठरवू द्या. तारपा नाच सगळ्यांनाच हवा असतो. पेरणी, मासेमारी, देवचौक यांतलं कितीतरी त्यांच्याकडे असतं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी विचारा. भिंतीवर तांदळाचं पीठ की ॲक्रिलिकचा पांढरा? इमल्शनच्या भिंतीवर पीठ ओल्या फडक्यानेही निघतं. कापडावर घेत असाल तर ते गेरू-शेणाचा लेप दिलेलं आहे का? तसं असेल तर ते चौकटीत लावायचं, धुवायचं नाही. पडद्याला किंवा साडीला फॅब्रिक कलरमधलंच काम मागा. आणि कलाकाराने सांगितलेल्या रकमेत घासाघीस करायची तर चित्राचा आकार कमी करा, मजुरी कापू नका.

कागदावर काय असावं

अंगावर दिलेलं काम असो की रोजंदारीचं, एक पानभर तरी लिहून घ्या: मोजलेलं क्षेत्र, पुट्टीचे थर, प्रायमरचा हात, रंगाचे हात, कंपनी, प्रत, छटेचा क्रमांक, सामान कोणाचं, फर्निचर हलवणं आणि शेवटची साफसफाई कोणाची, किती दिवसांत. शहरात रंगाऱ्याची हजेरी सातशे ते हजार रुपये असते. रोजंदारी छोट्या डागडुजीलाच परवडते, पूर्ण घराला अंगावर देणं बरं. उचल एकूण रकमेच्या वीस-पंचवीस टक्क्यांहून जास्त देऊ नका. पुट्टी-प्रायमर पाहून दुसरा हप्ता द्या, दिवसाच्या उजेडात सगळ्या भिंती पाहिल्यावर शेवटचा. तो मात्र त्याच दिवशी द्या. रंगाऱ्याच्या हाताखालची माणसं त्यावरच घरी जातात.

रंगावर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो डब्याच्या छापील किमतीत धरलेला असतो. ठेकेदार मजुरीवर जीएसटी लावत असेल तर बिलावर त्याचा नोंदणी क्रमांक हवाच. नोंदणी नसलेल्याला तो आकारता येत नाही. महिन्याभरात पोपडे सुटले आणि ठेकेदार फोन उचलेनासा झाला, तर तारखेसह फोटो काढा, त्याला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील बंधनकारक नाही. तेव्हा तुमच्या हातात ते एक पान, सामानाची बिलं आणि रिकाम्या डब्यांवरच्या बॅच क्रमांकाचे फोटो असायला हवेत, म्हणून डबे भंगारात देण्याआधी मोबाइल बाहेर काढा.